प्रेक्षक घडवणारा महिना

(मार्गशीर्षात चित्रपट आणि प्रत्यक्ष गायन-वादन यांचा महिनाभराचा उपक्रम योजणाऱ्या कोल्हापुरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



येत्या मार्गशीर्ष महिन्यात आपल्या वसाहतीच्या सभागृहात चार शनिवारी चार चित्रपट आणि चार रविवारी चार मैफली सादर करण्याचा संकल्प आपण केला आहे. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचे व्रत असते, दत्तजयंतीला कित्येक कुटुंबे नृसिंहवाडीची वाट धरतात, हे ध्यानात घेऊन आपण वार निवडले आहेत. कार्यकर्त्यांची घराघराशी असलेली ओळख यातूनच दिसते. अशा बैठकीत पाहुण्याने कौतुकाचे चार शब्द बोलावेत आणि शुभेच्छा देऊन रजा घ्यावी, असा प्रघात आहे. माझ्या शुभेच्छा आहेतच. तथापि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही मी आपणासमोर ठेवणार आहे. हा महिना संपल्यावर आपल्या हाती काय उरावे, असे आपणास वाटते?

मनोरंजन हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. मनोरंजनाची आज वाण नाही. खिशातल्या मोबाइलवर हवा तो चित्रपट हव्या त्या वेळी पाहता येतो, हव्या त्या गायकाचा हवा तो राग ऐकता येतो. घरात चार माणसे असतात आणि चौघे चार पडद्यांसमोर बसलेली असतात. मग थंडीच्या दिवसांत, जेवणाची वेळ मागे-पुढे करून, घराला कुलूप लावून त्यांनी आपल्या सभागृहात का यावे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आयोजकांजवळ असले, तरच त्यांच्या परिश्रमांना अर्थ आहे.

कोल्हापूरकरांना या प्रश्नाची धार अधिक जाणवायला हवी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ मध्ये बांधावयास घेतलेली आणि १९१५ मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू, एके काळचे ‘पॅलेस थिएटर’, डोळ्यांदेखत भस्मसात होताना पाहून या नगरीतील कलावंतांनी आणि सामान्य नागरिकांनी अश्रू ढाळले. ते अश्रू खरे होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुनर्बांधणीची घोषणा झाली, कामही हाती घेतले गेले. शासन, महापालिका आणि वास्तुविशारद यांचे हे क्षेत्र असल्याने त्याविषयी मी अधिक बोलणार नाही. पण त्या रात्री ज्यांचे डोळे पाणावले, त्यांच्यापैकी किती जणांनी त्याआधीच्या वर्षभरात त्या नाट्यगृहाचे एक तरी तिकीट काढले होते, असा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. कोणालाही दोष देण्याचा यात हेतू नाही. दगड, वीट आणि लाकूड शासनाच्या निधीतून आणता येते. खुर्चीवर बसणारा रसिक मात्र कोणत्याही निविदेतून मिळत नाही. तो समाजालाच घडवावा लागतो आणि एका पिढीने ते काम सोडले, तर पुढच्या पिढीला फार मोठी किंमत मोजावी लागते.

आपल्या महिन्यात चित्रपट आणि संगीत हातात हात घालून येत आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत, असे आज आपणास वाटते. या नगरीच्या इतिहासात ती तशी कधीच नव्हती.

नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे दोन हात चित्रपटाकडे वळले आणि त्यातून कोल्हापूरचा चित्रपट जन्माला आला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे बंधू मुळात नाटकांच्या नेपथ्यासाठी पडदे रंगवणारे कलावंत. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेल्या ‘ललितकलादर्श’साठीही त्यांनी पडदे रंगवले. परदेशी यंत्राचा अभ्यास करून स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले, तेव्हा ते काम बाबूरावांनी पूर्णत्वास नेले. पुढे ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली, तेव्हा तिला आर्थिक पाठबळ कोणी दिले? तानीबाई कागलकर या गायिकेने. एका गायिकेच्या पैशातून या नगरीचा पहिला चित्रपट उभा राहिला, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. आपल्या सभागृहात ती सांगितली गेली पाहिजे.

त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी येथेच ‘प्रभात’ची स्थापना केली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली, पण तिची मुळे येथील मातीतली. दुसरीकडे, शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी येथून महाराष्ट्रभर पसरली. देवल क्लबसारख्या संस्थेने संगीताची बैठक एकोणिसाव्या शतकापासून सांभाळली. पडदे रंगवणारा, कॅमेरा घडवणारा, गाणारा आणि पेटी वाजवणारा अशी सर्व माणसे एकाच गावात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती. त्यांच्यातून जे निर्माण झाले, त्याला आज आपण वैभव म्हणतो.

या पार्श्वभूमीवर आपल्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमाकडे मी पाहतो. शनिवारच्या चित्रपटाने रविवारच्या मैफलीची वाट दाखवावी आणि रविवारच्या मैफलीने शनिवारच्या चित्रपटाचा अर्थ उलगडावा, अशी त्याची गुंफण असावी.

पहिल्या शनिवारी मूकपट असावा, असे मी सुचवेन. दादासाहेब फाळके यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. त्यात बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. मूकपट मुका असला, तरी चित्रपटगृह कधी मुके नव्हते. पडद्याजवळ बसून पेटी आणि तबला वाजवणारे वादक असत. प्रसंग बदलला की ते ताल बदलत. तो प्रयोग आपण पुन्हा करावा. आपल्या वसाहतीतील एखादा पेटीवादक आणि तबलावादक यांना चित्रपट आधी दोन-तीनदा दाखवावा आणि त्यांनी पडद्याखाली बसून साथ करावी. समोर यमुनेच्या डोहात बाळकृष्ण कालियाशी झुंजत आहे आणि शेजारी ओळखीचा माणूस तबल्यावर त्या झुंजीला लय देत आहे, हा अनुभव मोबाइलचा पडदा देऊ शकत नाही. सात-आठ वर्षांची मुलेसुद्धा जागेवरून उठणार नाहीत.

दुसऱ्या शनिवारी १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’. आज उपलब्ध असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय बोलपटांमध्ये त्याची गणना होते आणि तो कोल्हापुरातच तयार झाला. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. संगीतही टेंबे यांचेच. हे तेच टेंबे, ज्यांच्या पेटीची साथ भास्करबुवा बखले यांना लाभली आणि ज्यांनी १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या. मैफल, रंगभूमी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी एकच माणूस अधिकाराने वावरला. म्हणून दुसऱ्या रविवारी एकल पेटीवादन आणि नाट्यसंगीत ठेवावे. आदल्या रात्री पडद्यावर पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वरांतून भेटेल.

तिसऱ्या शनिवारी ‘संत तुकाराम’. १९३६ चा हा चित्रपट दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट. त्यांच्या गळ्यातील भक्ती पडद्यावर इतकी शुद्ध उतरली, की लोकांनी त्यांच्यात तुकोबाच पाहिले. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग इतका अस्सल वाटला, की तो गाथेतलाच आहे अशी अनेकांची समजूत झाली. साहेबमामा फत्तेलाल या कलावंताने देहूच्या संताचे जग पडद्यावर साकारावे आणि महाराष्ट्राने त्या चित्रपटाला देवघरातील तसबिरीसारखे जपावे, यात या मातीतल्या भक्तीचे सामर्थ्य दिसते. दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातून नामवंत गायक बोलावण्याची गरज नाही. आपल्या पंचक्रोशीतील भजनी मंडळाला मानाने बोलवा. टाळ, मृदंग आणि वीणा घेऊन जी माणसे वर्षानुवर्षे मंदिराच्या ओवरीत गातात, त्यांना रंगमंचाच्या मध्यभागी बसवा आणि मानधनही द्या. भजनी मंडळाला नारळ आणि बाहेरच्या गायकाला पाकीट, हा भेद आपण मोडला पाहिजे.

चौथ्या शनिवारी ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पंडित वसंतराव देशपांडे असा योग जुळून आला होता. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ चा आहे. त्यामुळे ज्यांना जुने चित्रपट परके वाटतात, ती तरुण मुले निदान या शनिवारी येतील. ती आली, तर दुसऱ्या दिवशीच्या ख्यालगायनाला थांबतील. दोन गायकींच्या संघर्षाची गोष्ट पडद्यावर पाहिलेल्या मुलाला ख्याल म्हणजे काय, घराणे म्हणजे काय, हे ऐकण्याची उत्सुकता असते. त्या उत्सुकतेच्या क्षणी त्याला समोर बसून गाणारा तरुण गायक ऐकायला मिळाला, तर एक श्रोता घडला असे समजा.

चित्रपटांची निवड झाली, म्हणजे काम झाले असे नव्हे. माझ्या व्यवसायानिमित्त मी अनेक गावांतील असे उपक्रम पाहिले आहेत. ते कोठे यशस्वी होतात आणि कोठे मोडतात, यासंबंधी काही निरीक्षणे स्पष्टपणे सांगतो.

पहिली गोष्ट तिकिटाची. प्रवेश विनामूल्य ठेवला की सभागृह भरते, ही समजूत फसवी आहे. फुकट पास घेतलेला माणूस पाऊस पडला तर येत नाही, मालिका चालू असली तर येत नाही आणि आला तर मध्येच उठतो. पास ही प्रतिष्ठेची वस्तू झाल्यापासून तिकीट काढणे कमीपणाचे वाटू लागले, हा आपल्या सांस्कृतिक जीवनाला जडलेला जुना रोग आहे. आठही कार्यक्रमांचे मिळून एक माफक शुल्क ठेवा. विद्यार्थ्यांना निम्मे ठेवा. ज्या कुटुंबाला तेही परवडत नाही, त्याची व्यवस्था कार्यकर्त्यांनी गुपचूप करावी, त्याची वाच्यता होऊ नये. पण नगरसेवक, अधिकारी, देणगीदार आणि स्वतः आयोजक यांनी तिकीट काढूनच आत यावे. मला येथे एका जुन्या प्रसंगाचे स्मरण होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला. तो टिळक स्वराज्य फंडासाठी होता. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे नट एका रंगमंचावर उभे राहिले आणि रसिकांनी पदरचे पैसे मोजून राष्ट्रकार्याला हातभार लावला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, केशवराव वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्या पिढीला तिकीट काढण्यात कमीपणा वाटला नाही.

दुसरी गोष्ट व्यासपीठाची. सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि आभार. गायक पंखाच्या अंधारात तानपुरे जुळवून तासभर ताटकळतो. त्याच्या हाती माइक येतो तेव्हा पुढच्या रांगेतील सत्कारमूर्ती निघून गेलेले असतात. मी स्वतः वक्ता म्हणून येथे उभा आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे. महिनाभरात एकही भाषण ठेवू नका. दीप लावा, चित्रपटापूर्वी अथवा मैफलीपूर्वी पाच मिनिटे माहिती सांगा आणि घड्याळाच्या ठोक्याला सुरुवात करा. पहिल्या दिवशी दहा माणसे असली, तरी वेळेवर सुरू करा. पुढच्या शनिवारी लोक वेळेवर येतील.

तिसरी गोष्ट आवाजाची. केशवरावांचा काळ ध्वनिवर्धकाच्या आधीचा. शेवटच्या बाकावरील श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचवण्याची साधना त्या काळच्या नटांनी केली होती आणि श्रोत्यांनी शांत राहण्याची साधना केली होती. आज आपण या दोन्ही साधना ध्वनियंत्रणेवर सोपवल्या आहेत. आपले सभागृह लहान आहे. तेथे भिंती हादरवणाऱ्या ध्वनिक्षेपकांची मुळीच गरज नाही. गायकाला आवश्यक तेवढा माइक द्या आणि श्रोत्यांना मोबाइल बंद ठेवण्याची विनंती दारातच, नम्रपणे करा. चित्रण करण्यासाठी उंचावलेला एक हात मागच्या दहा जणांची एकाग्रता मोडतो.

चौथी गोष्ट कायद्याची आणि सचोटीची. कोठून तरी उतरवून घेतलेला चित्रपट पडद्यावर दाखवणे, ही चोरी आहे. चांगल्या कामासाठी केलेली चोरीही चोरीच असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांपर्यंत टिकतो. त्यामुळे आपल्या यादीतील पहिले तीन चित्रपट त्या मुदतीबाहेर गेले आहेत. तरीही दर्जेदार प्रत अधिकृत ठिकाणाहूनच मिळवावी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हे धन सांभाळत आले आणि २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तेथे रीतसर पत्रव्यवहार करा. ‘कट्यार’साठी निर्मात्यांची लेखी परवानगी घ्या. सेन्सॉर प्रमाणपत्र आणि स्थानिक परवाने यांची कागदपत्रे एका धारिकेत तयार ठेवा.

मुद्रित प्रतींचे मोल काय, हे समजण्यासाठी आणखी एका आगीकडे पाहावे लागते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, पूर्वीच्या ‘प्रभात’च्याच आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. बाबूराव पेंटर यांचा १९२० चा ‘सैरंध्री’ तर आज आपल्याला कोठेच पाहता येत नाही. जे वाचले, ते कोणीतरी वेळीच प्रत काढून ठेवली म्हणून वाचले. संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगावी शोध घेऊन जुनी रिळे जमवली, म्हणून आज आपण फाळक्यांचा बाळकृष्ण पाहू शकतो. एकाच आवारात, एकाच प्रतीत ठेवलेली कला एका ठिणगीने जाते. अनेकांच्या स्मरणात पसरलेली कला सहसा जात नाही. वास्तूचे आणि फितीचे रक्षण शासन करील, पण स्मरणाचे रक्षण आपल्यासारख्या छोट्या सभागृहांनाच करावे लागेल.

शेवटी, महिन्याच्या अखेरीस हाती काय उरावे, या प्रश्नाकडे येतो. एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि तो कोणत्या कार्यक्रमाला आला, एवढेच त्यात लिहा. चौथ्या रविवारी रात्री ती वही उघडून बसा. सभागृह किती वेळा भरले, वृत्तपत्रात छायाचित्र आले का, ही मोजमापे बाजूला ठेवा. आठांपैकी सहा दिवस आलेली माणसे किती, ते मोजा. चाळीस निघाली तर चाळीस, वीस निघाली तर वीस. ती माणसे हे आपल्या उपक्रमाचे भांडवल आहे. त्यांच्या घरी जा, त्यांना काय आवडले, काय खटकले ते ऐका आणि पुढच्या मार्गशीर्षाची आखणी करताना त्यांना आपल्याबरोबर बसवा. मधल्या अकरा महिन्यांत दरमहा एक तरी संध्याकाळ अशीच योजा. कार्यकर्त्यांना सातत्याचे महत्त्व मी सांगावे असे नाही. दररोज एक तास नियमाने एकत्र येणाऱ्या माणसांनी काय उभे केले, हे आपण सर्व जाणतो. कलेच्या क्षेत्रालाही तोच नियम लागू आहे.

केशवराव भोसले यांच्या नावाच्या नाट्यगृहात पुन्हा पडदा वर जाईल, तेव्हा पहिल्या दिवशी गर्दी होईलच. त्या गर्दीची मला चिंता नाही. त्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी, एखाद्या अपरिचित गायकाच्या मैफलीला, तिकीट काढून वेळेवर येऊन बसणारी वीस माणसे आपल्या या महिन्यातून तयार झालेली असावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. ती वीस माणसे आपण घडवाल, असा विश्वास मला वाटतो.

महिन्याभराचे शुल्क मी आताच कार्यकर्त्यांकडे देत आहे. आपणही जाण्यापूर्वी द्यावे, ही विनंती करून मी माझे बोलणे संपवतो.